पालवी पक्षाची निशाणी रोडरोलर

वडनेर भोलजी,
१२ सप्टेंबर

प्रति,
जनाब सकलैन अहमद,
संस्थापक सदस्य व माजी खजिनदार, राष्ट्रीय पालवी पक्ष,
गुलशन रोपवाटिका, जळगाव जामोद.

महोदय,

पक्षघटनेच्या सातव्या कलमानुसार आपल्या पक्षाचा सगळा पत्रव्यवहार टपालानेच व्हायला हवा, म्हणून हे पत्र. तुमचा फोन नंबर मला ठाऊक नाही असा गैरसमज नको. तो तुमच्या रोपवाटिकेच्या पाटीवर आहे आणि एसटीच्या खिडकीतून मी तो कितीतरी वर्षं वाचत आलो आहे.

मुद्दा असा. दिल्लीहून निवडणूक आयोगाचं पत्र आलं आहे. जे पक्ष वर्षानुवर्षं एकही निवडणूक लढवत नाहीत त्यांची नावं यादीतून काढायचं ठरलं आहे. आपण शेवटची निवडणूक लढवली ती १९९० साली. हिंमतराव उभे होते आणि २११ मतं पडली होती. त्यानंतर आपण फक्त ठराव केले. येत्या विधानसभेला जळगाव जामोदमधून उमेदवार दिला नाही, तर पक्ष संपला असं समजा.

उमेदवार म्हणून माझं नाव मीच सुचवतो, कारण सुचवायला दुसरं कुणी उरलेलं नाही. उमेदवाराला हयात असलेल्या सगळ्या संस्थापकांची संमती लागते. एकतीसपैकी एकोणतीस गेले. माझ्या वहीप्रमाणे आता आपण दोघंच आहोत. तुमची संमती असली तर कळवा. नसली तर तसंही कळवा, म्हणजे या खेपेला निदान कारण तरी समजेल.

आपला,
उकंडराव
राष्ट्रीय सरचिटणीस (निवृत्त अर्जनवीस, नांदुरा तहसील)

ता. क. मी मतदार दुसऱ्या मतदारसंघातला असलो तरी तुमच्याकडे उभा राहू शकतो. नियम वाचला आहे.

---

जळगाव जामोद,
१७ सप्टेंबर

उकंड्या,

महोदय म्हणे! अरे, शाळेत एकाच पाटीवर बाराखडी गिरवली आपण, आणि तीस वर्षांनी पत्र धाडतोस ते 'महोदय'? तुझ्या तोंडावर ही शाई ओतावी असं वाटलं.

पत्र आलं तेव्हा मी पपईच्या रोपांना पाणी देत होतो. पोस्टमनच्या हातात तुझं टपोरं अक्षर दिसलं आणि मी पाइपासकट त्याच्याकडे वळलो. बिचारा ओलाचिंब झाला, पण पत्र त्याने डोक्यावर धरून वाचवलं.

माझी नात महनूर शेजारीच होती. इथल्याच शाळेत भूगोल शिकवते. तिने विचारलं, "दादा, ये कौन साहब हैं?" मी ऐटीत सांगितलं, एका राष्ट्रीय पक्षाचे सरचिटणीस. "अच्छा, दिल्ली में ऑफिस होगा?" म्हटलं, नाही, वडनेर भोलजीला, पिठाच्या गिरणीच्या मागे. तिला जे हसू सुटलं ते काही केल्या थांबेना. चुलीवरची भाजी करपली.

मग सगळा इतिहास सांगणं आलं. केरळचा तो सायकलवाला प्राध्यापक सातपुडा बघायला आला आणि सोनाळ्याला हिंमतरावांच्या संत्र्याच्या बागेत तापाने पडला, तिथून सुरुवात केली. पंधरा दिवस तो बाजेवर पडून आपल्याला सांगायचा, की ऑस्ट्रेलियाच्या टोकाच्या बेटावर एक तळं वाचवायला लोकांनी पक्ष काढला, आणि जर्मनीत हिरव्या पक्षाचे लोक निवडून आले ते झाडांच्या कुंड्या घेऊन थेट संसदेत शिरले. कुंड्या म्हटल्याबरोबर मी पेटलो, कारण माझा धंदाच तो. तू पेटलास, कारण तुला कशाची ना कशाची घटना लिहायची हौस होतीच. नांदुऱ्याच्या स्टेशनवरचा बंगाली गार्ड आला, बऱ्हाणपूरचा वैदू आला. चार राज्यांची माणसं झाली बघून तू लगेच नावात 'राष्ट्रीय' घातलंस.

महनूर म्हणाली, पण पक्षाची तत्त्वं काय होती? मी सांगितलं, बहुमत नाही, सर्वमत. ज्याला ठराव पटला तो उभा राहणार, ज्याला पटला नाही तो जमिनीवर बसणार, आणि एक माणूस जरी बसला तरी ठराव पडला. लाउडस्पीकर नाही. पायी जाऊन पुरं करता येईल तेवढंच आश्वासन द्यायचं. आणि प्रत्येक बैठकीत सतरंजीचा एक कोपरा रिकामा ठेवायचा, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. नदी, अस्वल, अजून न जन्मलेली लेकरं. पाळीपाळीने एकेकाने तिथे बसून त्यांच्या वतीने बोलायचं. सोनाळ्याची तानाबाई पूर्णा नदी होऊन बसली की आपली कशी हजेरी घ्यायची, आठवतं? "माह्या काठावर टमरेल घेऊन येता, अन् मलेच माय म्हणता काय बे?"

तेव्हा कुठे महनूरचं हसू थांबलं. म्हणाली, "पार्टी बुरी नहीं थी, दादा. बंद काहे कू हुई?" मी म्हणालो, ते उकंडरावला विचार.

माझी संमती आहे. पण पत्रातली संमती चालत नाही, ती उभं राहूनच द्यावी लागते, हे तूच लिहून ठेवलंस. तेव्हा बैठक बोलाव. माझ्या रोपवाटिकेत. चहा माझा, ठराव तुझा.

तुझा,
सकलैन

---

वडनेर भोलजी,
२२ सप्टेंबर

सकलैन,

तुझ्या इतिहासात चुका आहेत. प्राध्यापक अकरा दिवस राहिला, पंधरा नाही. सायकल त्याची नव्हती, अकोल्याहून भाड्याने आणलेली होती आणि ती अजूनही परत गेलेली नाही. गार्ड पक्षात आला तो तत्त्वांसाठी नव्हे, हिंमतरावांच्या संत्र्यांसाठी.

आणि झेंड्याचं तू मुद्दाम गाळलंस. आपण नुसता हिरवा झेंडा घेऊन जळगावात पहिली फेरी काढली, तेव्हा तुमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग हार घेऊन पुढे आले, आपलाच पक्ष म्हणून. ते बघून हिंमतरावांचे सगळे सोयरे रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मग मी झेंड्याला खाली काळ्या मातीचा पट्टा लावला, तेव्हा अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही निघून गेले.

आता तुझ्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर. पक्ष बंद पडला पंच्याण्णव सालच्या जानेवारीत, तुझ्याच रोपवाटिकेत, दुपारी साडेतीनला. हिंमतरावांनी विधानसभेसाठी माझं नाव मांडलं. चोवीसच्या चोवीस माणसं उभी राहिली, तूही राहिलास. टाळ्या झाल्या. मी आभाराचे दोन शब्द बोलायला तोंड उघडलं आणि तू खाली बसलास. हिंमतरावांनी विचारलं, "काऊन रे सकलैन, हरकत आहे काय?" तू मान वर न करता म्हणालास, "मी बसलेलाच बरा आहे."

ठराव पडला. मी वही मिटली आणि घरी आलो. घरी येऊन रडलो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. हरलो असतो तर चाललं असतं, हरायचंच होतं. पण तू बसलास.

बैठक आत्ता नको, निवडणुकीनंतर बघू.

उकंडराव

---

जळगाव जामोद,
२७ सप्टेंबर

उकंड्या,

नाडा तुटला होता.

माझ्या पायजम्याचा. टाळ्या वाजवताना. मी तुझ्यासाठी इतक्या जोरात टाळ्या वाजवत होतो, की पोटाला हिसका बसला आणि आत काहीतरी टप्पकन सुटलं. सदरा आखूड होता. समोर पहिल्या रांगेत तानाबाई आणि तिच्याबरोबरच्या पाच बाया. उभा राहिलो असतो तर पक्ष राहिला असता आणि माझी अब्रू गेली असती. म्हणून बसलो. हिंमतरावांनी हरकत विचारली तेव्हा त्या बायांसमोर काय सांगणार होतो? मी बसलेलाच बरा होतो, अगदी खरं तेच बोललो.

मला वाटलं, तू जवळ येशील, वाकून विचारशील, मी कानात सांगेन आणि आपण दोघं हसत सुटू. तू वही फाडकन मिटलीस आणि फाटकाबाहेर पडलास. तुझ्यामागे धावत येणं तर शक्यच नव्हतं, तू समजू शकतोस. सगळी माणसं जाईपर्यंत तासभर तिथेच बसून राहिलो. शेवटी रोपं बांधायच्या सुतळीने भागवलं.

दुसऱ्या दिवशी वडनेरला आलो होतो. वहिनींनी दारातच सांगितलं, "ते नाहीत घरी." त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं की तू आत आहेस. मी परत फिरलो. आणि मग मलाही राग आला. नाड्याचं कुणालाही माहीत नव्हतं, ते ठीक. पण मी तुझ्या आड येईन असं तुला वाटलंच कसं? तो राग मोठा होता, उकंड्या. अजून थोडा शिल्लक आहे.

काल हे सगळं महनूरला सांगितलं. ती म्हणाली, एक नाडे की वजह से मुल्क की ग्रीन पार्टी डूब गई. मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारची मुबीना कुणाला फिट आली म्हणून कांदा घेऊन धावत आली.

बैठक कधी?

सकलैन

---

वडनेर भोलजी,
३ ऑक्टोबर

प्रिय सकलैन,

तुझं पत्र मी गिरणीच्या ओट्यावर बसून वाचलं, आणि दुसऱ्या ओळीला जे सुटलो ते सुटलोच. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, चष्मा पिठाच्या डब्यात. गिरणीवाल्याने गिरणी बंद केली आणि विचारलं, "काका, बरं वाटून नाही राह्यलं काय?" मी त्याला म्हणालो, "नाडा!" त्याला काही कळलं नाही, पण तोही हसायला लागला. दळण घ्यायला आलेल्या बायाही हसायला लागल्या. अर्ध्या गावाला कारण माहीत नसताना गाव हसत होतं.

घरी आलो तेव्हा मात्र हसू गेलं. सकलैन, त्या दिवशी मी दाराच्या मागेच उभा होतो. तुझा आवाज ऐकला. तू "बरं वहिनी" म्हणालास आणि सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला, तोही ऐकला. दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. चूक माझी होती. आयुष्यभर लोकांचे माफीनामे लिहून दिले, माझा एक लिहायचा राहून गेला होता. तो हा समज.

आता काम. लहान पक्षाच्या उमेदवाराला त्या मतदारसंघातले दहा सूचक लागतात. दहा माणसं गोळा करून कोऱ्या कागदावर त्यांची नावं आणि यादीतले क्रमांक पाठव. फॉर्म मी भरतो. फॉर्मचं सगळं माझ्याकडे, तू त्यात अजिबात लक्ष घालू नकोस. सह्या घ्यायला मी महनूरकडे शाळेत कागद पाठवीन.

बैठक नंतर.

तुझा,
उकंड्या

---

जळगाव जामोद,
१६ ऑक्टोबर

उकंड्या,

दहा माणसं जमली. कशी, ते विचारू नकोस, तरी सांगतो.

पहिली महनूर. दुसरी मुबीना, ती कांदेवाली. तिसरा आसिफ टेलर. त्याला मी पक्षाचा इतिहास सांगितला आणि तो गंभीरपणे म्हणाला, "चाचा, इलास्टिक डालते तो आज सरकार में होते." चौथी आणि पाचवी महनूरच्या शाळेतल्या करिष्मा आणि काजल मॅडम. सहावी तानाबाई! संस्थापकांत नव्हती म्हणून तुझ्या वहीत नाही, पण जिवंत आहे, आणि कान सोडून सगळं शाबूत आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "कोणाच्या वतीनं सही करू? माह्या का नदीच्या?" मी म्हटलं, नदीचं नाव यादीत नाही. तर म्हणते, "मंग कायची लोकशाही आली बे तुमची!"

उरलेले चार मी आपल्या पद्धतीने मिळवले. रोपवाटिकेत येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, पटलं तर उभे राहा, नाही तर बसा. तसे सगळे उभेच होते, कारण बसायला मी काही ठेवलंच नव्हतं.

आता एक खरं सांग. फॉर्म भरायला तू इथे तहसीलला येशीलच. तहसीलपासून रोपवाटिका पाच मिनिटं. त्याच दिवशी बैठक उरकून टाकू. दोन माणसांची बैठक, वेळ तो काय लागणार?

सकलैन

---

वडनेर भोलजी,
५ नोव्हेंबर

प्रिय सकलैन,

फॉर्म मंजूर झाला. दहाही सह्या बरोबर निघाल्या. अठ्ठावीस तारखेला फॉर्म भरायला आलो तेव्हा तुझ्याकडे येता आलं नाही, परतीची एसटी लागलेली होती.

आता वाईट बातमी. बसून वाच.

निशाणीसाठी मी तीन पसंत्या दिल्या होत्या. हिरवी मिरची, फुलकोबी, नारळाची बाग. आपल्या तत्त्वाला शोभणाऱ्या. पण मिरची दुसऱ्या एका अपक्षानेही मागितली होती. चिठ्ठी टाकली, ती त्याला गेली. तो कोण ठाऊक आहे? रस्त्यांचा कंत्राटदार. कोबी आणि नारळही तसेच गेले. मग साहेबांनी उरलेल्यांपैकी एक निशाणी मला दिली.

रोडरोलर.

कंत्राटदाराला मिरची आणि पालवी पक्षाला रोडरोलर! मी साहेबांना म्हणालो, अदलाबदल करता येईल का, दोघांचंही भलं होईल. कंत्राटदारही तयार होता, "काका, मले बी रोलरच पाहिजे होता" म्हणाला. साहेब म्हणाले, नियम नाही. नियमाच्या बाबतीत मी कुणाशी भांडावं?

एकतीस संस्थापकांपैकी एकोणतीस आज नाहीत, हे या बाबतीत बरंच झालं.

उकंड्या

---

जळगाव जामोद,
९ नोव्हेंबर

उकंड्या,

आधी भांडण. परतीची एसटी लागलेली होती म्हणे! मी स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारलं. तुझ्यानंतर नांदुऱ्याच्या चार गाड्या गेल्या. मी सकाळपासून आधण ठेवून बसलो होतो. तीनदा पाणी आटलं. काय लपवतोस रे?

बरं, जाऊ दे. रोडरोलर! पत्र वाचताना मी बसलेलाच होतो म्हणून बरं. पण खरं सांगू, या निशाणीने मजा आणली आहे. महनूरने पुठ्ठ्याचा रोलर कापला आणि त्याच्या चाकावर झेंडूची रोपं चिकटवली. तो डोक्यावर घेऊन आम्ही बाजारात फिरलो. लाउडस्पीकर नाही, गाडी नाही, पुढे मी, मागे महनूर, तिच्यामागे करिष्मा मॅडम आणि तिच्यामागे तीन बकऱ्या, झेंडूसाठी. बकऱ्यांनी प्रचार साहित्य खाल्लं तरी पक्षाने अहिंसा पाळली.

लोक विचारतात, "काऊन चाचा, रोलरनं झाडं लावता काय?" मी सांगतो, नाही, हा रोलर उलटा चालतो. जिथे जिथे सिमेंट टाकून झाडाचा गळा आवळला आहे तिथे तिथे मागे घ्यायचा. पहिल्या दिवशी माझं मलाच हसू आलं. तिसऱ्या दिवशी बाजारातल्या चिंचेखालच्या भाजीवाल्या म्हणाल्या, आमच्या चिंचेभोवतीचं सिमेंट फोडता काय, झाड वाळून राह्यलं. मी म्हटलं, आश्वासन पायी पुरं करता आलं पाहिजे, आणि चिंच दोनशे पावलांवर आहे. छन्नी-हातोडा आणला आणि दुपारपर्यंत फोडलं. निवडणुकीच्या आधीच जाहीरनामा पुरा करणारा आपला पहिलाच पक्ष असेल.

तू सोनाळ्याच्या बाजूला कधी निघतोस? की त्या बाजूलाही एसटी लागलेली आहे?

सकलैन

---

सोनाळा,
१५ नोव्हेंबर

प्रिय सकलैन,

चार दिवस तानाबाईकडे मुक्काम आहे. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज पूर्वीपेक्षा मोठा. माझ्या सभांना लाउडस्पीकर नाही याचं कुणाला काही वाटत नाही, तिचं बोलणं पलीकडच्या गावात ऐकू जातं.

काल एका वाडीत गेलो. रोलर बघून लोक धावत आले आणि मला हार घातला. त्यांना वाटलं, रस्ता करणारा आला. एक बाई म्हणाली, "साहेब, बाळंतिणीले बाजेवर उचलून न्या लागते हो." मी पुरता गडबडलो. आपल्या घटनेत रस्त्याबद्दल एकच ओळ आहे आणि ती विरोधात आहे. ती मीच लिहिली होती, तहसीलच्या पक्क्या रस्त्यावर बसून. मी हात जोडले आणि खरं ते सांगितलं, की मी निवडून येणार नाही, आणि रस्ता तुम्हाला मिळायलाच पाहिजे.

तेवढ्यात तानाबाई जमिनीवर बसली. नदी होऊन. म्हणाली, "करा ना रस्ता! म्या कधी नाही म्हटलं? पण माह्या पोटातली रेती उपसून नका करू. दहा टरक नेता, एक टाकता, अन् नऊ कोठी जाते?" वाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथल्या तिथे घटनेत दुरुस्ती लिहिली. सगळे उभे राहिले. तुझी खूप आठवण झाली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर निकालानंतर देतो. काहीतरी आहे. रागावू नकोस.

उकंड्या

---

वडनेर भोलजी,
२४ नोव्हेंबर

प्रिय सकलैन,

सातशे चौसष्ट!

सातशे चौसष्ट माणसांनी रोडरोलरवर बोट ठेवलं! हिंमतरावांच्या तिपटीहून जास्त. मोजणीच्या तिथे मी एकटाच नाचत होतो. अनामत गेलेला माणूस नाचतोय म्हणून पोलीस बघायला आला. कंत्राटदाराची मिरची आपल्यापेक्षा चारशेने खाली. त्या वाडीतली एकशे नऊ मतं आपली. चिंचेच्या झाडाजवळच्या बूथवर ऐंशी. मी घरी येईपर्यंत दिसेल त्याला आकडा सांगत आलो, एका बैलालाही सांगितला.

आता दुसरं.

मतदान केंद्राबाहेरच्या उमेदवारांच्या यादीत माझ्या नावापुढे काय लिहिलं होतं ते तू वाचलंच असशील. अपक्ष. तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. सकलैन, दिल्लीहून आलेलं पत्र सूचनेचं नव्हतं, हुकमाचं होतं. पालवी पक्षाचं नाव यादीतून आधीच काढून टाकलेलं होतं. मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी पक्ष संपून महिना झाला होता. उभं राहून काही वाचणार नव्हतं.

हुकूम हातात घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. वाटलं, हे कुणाला सांगावं? एकच नाव आलं. पण तीस वर्षांनी तुला काय लिहायचं? पक्ष मेला, एवढंच? त्याला तू एक ओळीचं उत्तर दिलं असतंस आणि आपणही संपलो असतो. म्हणून खोटं लिहिलं. पक्षाच्या नावाने बैठक बोलावता येत नव्हती, कारण पक्षच नव्हता. अठ्ठावीस तारखेला तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. आधणाच्या चुलीचा धूर दिसत होता. पण तुझ्यासमोर बसून खोटं बोलणं मला जमलं नसतं. तुला, महनूरला, त्या दहाजणांना मी फसवलं. आता तू बसलास तरी मी कारण विचारणार नाही.

तुझा,
उकंड्या

---

जळगाव जामोद,
२८ नोव्हेंबर

गाढवा,

मला माहीत होतं.

नोंदणीच्या कागदांवर खजिनदार म्हणून माझाही पत्ता होता, आणि तो तूच लिहिला होतास. हुकमाची एक प्रत तुझ्याकडे गेली, दुसरी माझ्याकडे आली, ऑगस्टच्या बारा तारखेला. मी ती एकट्यानेच वाचली. मनात म्हटलं, वडनेरला एक म्हातारा आहे, हे वाचून त्याचं काय होईल? महिनाभर तुला पत्र लिहायला बसत होतो. 'प्रिय उकंडराव' लिहायचो आणि फाडायचो. आणि एक दिवस पोस्टमन तुझं 'महोदय' घेऊन आला. तुझं अक्षर बघूनच इतका आनंद झाला की पोस्टमन भिजला, आणि दुसऱ्या परिच्छेदात मला कळलं की तू थापा मारतोस.

मी खरं सांगून टाकलं असतं तर तू दुसरं पत्र कशाबद्दल लिहिलं असतंस? म्हणून गप्प राहिलो. बैठक बैठक म्हणून तुला मुद्दाम छळलं, कारण तुझी टाळाटाळ वाचायला मजा येत होती. महनूर तर प्रत्येक पत्रात तू काय नवं कारण देशील यावर करिष्मा मॅडमशी पैज लावायची. सह्या करण्याआधी दहाजणांना सगळं सांगितलं होतं. तानाबाई म्हणाली, "मेलेल्या पक्षाले मत मागते म्हंजे लयच जिता माणूस आहे."

तेव्हा फसवलं कुणी कुणाला याचा हिशेब तूच लाव, मला त्यात पडायचं नाही. चौकशी समितीही नेमू नकोस.

आता ऐक. सातशे चौसष्टचा आकडा आला त्या संध्याकाळपासून महनूर स्वस्थ बसलेली नाही. तिने नियम वाचून काढला. नवा पक्ष नोंदवायचा तर शंभर सभासद लागतात. लगेच कागद घेऊन ती आणि तिच्या दोन मॅडम निघाल्या. भाजीवाल्या झाल्या. त्या वाडीतली बरीच माणसं झाली. ओला पोस्टमन झाला नाही, सरकारी नोकर म्हणून, पण त्याची बायको झाली. तुझा गिरणीवालाही झाला, तुझ्या नकळत, म्हणजे तुझ्याच ओट्यावर कट शिजला. आणि उकंड्या, कंत्राटदार स्वतः चालत आला. म्हणाला, रेतीचं मला पटत नाही, पण माणसं मजेदार आहेत. मुबीना म्हणाली, त्याला घेऊ नका. आसिफ म्हणाला, घ्या. दोन तास वाद चालला आणि शेवटी सगळ्यांना पटलं की तो नको, त्यालासुद्धा पटलं.

काल मोजले. नव्व्याण्णव झाले. कागद माझ्यासमोर आहे. पहिली ओळ मी कुणाला लिहू दिलेली नाही. तिथे नाव माझ्या अक्षरात चालेल, पत्ता मला पाठ आहे, वयही ठाऊक आहे. पण सही तुझीच लागते.

सकलैन